पाळीव प्राण्यांचें निर्बीजीकरण व शुश्रूषा

मनुष्य आजारी पडला म्हणजे आपणांस कोठें दुखतें हें तो तोंडानें सांगूं शकतो. कुत्र्यामांजरांस तें सामर्थ्य नाहीं. म्हणून जो त्यांस पाळतो त्यानेंच त्यांच्याकरितां डोळे उघडे ठेविले पाहिजेत. आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या घरीं कुत्रीं व मांजरें आहेत. त्यांचें निर्बीजीकरण करावें कीं नाहीं, व केल्यास त्यांची निगा कशी राखावी, याचा थोडक्यांत विचार येथें करूं.

निर्बीजीकरण म्हणजे पिलें होऊं नयेत म्हणून करावयाची शस्त्रक्रिया. मादीच्या पोटांतून अंडाशय, व बहुधा त्यांच्यासह गर्भाशय, काढून टाकितात. नराचे वृषण काढितात. प्राण्यास गुंगीचें औषध देऊन पुरतें बेशुद्ध केल्यावरच शस्त्र चालवितात. कित्येकांस यांत क्रौर्य वाटतें. परंतु मांजरी पांचसहा महिन्यांची होतांच माजावर येऊं शकते, तिचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा असतो, आणि पहिलीं पिलें अंगावर पीत असतांच ती पुन्हां गाभण राहूं शकते. तीं नकोशीं पिलें पोत्यांत घालून बाजारांत सोडून येणें, हें अधिक मोठें क्रौर्य नव्हे काय? शिवाय, उतारवयांत मादीच्या गर्भाशयांत पू होऊन जो प्राणघातक रोग जडतो, तो या शस्त्रक्रियेनें टळतो. आणि ती लवकर केल्यास स्तनांत गांठी होण्याचा संभवही पुष्कळ कमी होतो.

रस्त्यावरील कुत्र्यांकरितां भारत सरकारनें २००१ सालीं नियम केले, व २०२३ सालीं त्यांच्या जागीं नवे नियम आले. त्यांप्रमाणें सामान्यतः कुत्रें पकडून, त्यावर ही शस्त्रक्रिया करून व पिसाळण्याच्या रोगाची लस टोंचून, त्यास त्याच्याच भागांत परत सोडितात. कानाचा थोडा भाग कापलेलें कुत्रें दिसलें, तर ती याचीच खूण समजावी. त्या कुत्र्यांची शुश्रूषा नेमलेले सेवक करितात. घरच्या प्राण्याची मात्र आपणांसच करावी लागते.

शस्त्रक्रियेपूर्वीं पशुवैद्यांकडून प्राण्याची तपासणी करवावी; लसी वेळेवर टोंचलेल्या असाव्यात. मांजराची शस्त्रक्रिया पांच महिन्यांच्या सुमारास करणें सोयीचें. कुत्र्याची जात व आकार पाहून वैद्य वेळ ठरवितात, कारण मोठ्या जातीच्या कुत्र्यांचीं हाडें पुरतीं वाढेपर्यंत थांबणें बहुधा हितकर असतें. मादी माजावर असल्यास रक्तस्राव अधिक होण्याची भीति असते, म्हणून तें वैद्यांस अवश्य कळवावें. पुढें कांहीं दिवस स्नान घालतां येणार नाहीं, यास्तव कुत्र्यास आदल्या दिवशींच धुवून कोरडें करावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पोट रिकामें असणें. गुंगींत ओकारी झाली, तर अन्न श्वासनलिकेंत शिरून प्राण धोक्यांत येतो. म्हणून मोठ्या प्राण्यास आदल्या रात्रीच्या जेवणानंतर अन्न देऊं नये. पाणी बहुधा सकाळपर्यंत चालतें. लहान पिलांस दीर्घ उपवास सोसत नाहीं. त्यांच्याविषयीं वैद्यांस विचारावें. ‘बिचाऱ्यास भूक लागली’ म्हणून घरांतील कोणी गुपचूप पोळीचा तुकडा दिला असेल, तर तें लपवूं नये. वैद्य शस्त्रक्रिया पुढें ढकलतील, एवढेंच.

घरीं आणल्यावर त्या दिवशीं प्राणी झोंके खात चालतो. तो गुंगीचा परिणाम होय. त्याचें अंग लवकर थंड पडतें. म्हणून वारा न लागेल अशा कोपऱ्यांत, जमिनीवरच, स्वच्छ गोधडीवर त्यास निजवावें. खाटेवर ठेवूं नये. लहान मुलांनीं त्यास उचलून घेऊं नये. पुरता शुद्धीवर आल्यावर प्रथम थोडें पाणी द्यावें, व तें पोटांत ठरल्यास नेहमींच्या निम्में अन्न द्यावें.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या दिवशीं लागते. प्राणी खाऊं-खेळूं लागतो, आणि घरचीं माणसें समजतात कीं तो बरा झाला. परंतु बरें दिसणें निराळें व बरें होणें निराळें. मादीची वरची जखम मिटलेली दिसली, तरी पोटाच्या आंतील टांके अद्याप ताण सोसावयास समर्थ नसतात. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील कुत्री चौथ्या दिवशीं मोकळी सुटली व जिन्यावरून धांवत खालीं आली; टांके उसवले, आणि त्या बिचारीस पुन्हां शस्त्रक्रिया सोसावी लागली. म्हणून दहा ते चौदा दिवस धांवणें, उड्या मारणें व स्नान हीं वर्ज्य करावींत. कुत्र्यास साखळी बांधूनच बाहेर न्यावें. मांजरास एका खोलींत ठेवावें.

जनावराची जीभ हेंच त्याचें औषध, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. चाटल्यानें टांके तुटतात व जखम चिघळते. यास्तव वैद्य गळ्यांत कर्ण्याच्या आकाराची पट्टी घालितात. ती दया येऊन काढूं नये. जखमेस हळद, राख किंवा तेल लावूं नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कधींही देऊं नयेत; आपण सहज घेतों ती पॅरासिटामोलची गोळी मांजराचा जीव घेऊं शकते. जखमेंतून रक्त किंवा पू वाहणें, दुर्गंधी येणें, टांके उघडणें, हिरड्या पांढऱ्या पडणें, वारंवार ओकारी होणें, किंवा एक दिवस उलटूनही अन्नास तोंड न लावणें, यांपैकीं एकही लक्षण दिसलें, तर विलंब न लावितां वैद्यांकडे जावें.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. नराच्या ठायीं शस्त्रक्रियेनंतरही कांहीं आठवडे प्रजननशक्ति राहूं शकते. तोंपर्यंत त्यास मादीपासून दूर ठेवावें. तसेंच, या प्राण्यांस पूर्वीपेक्षां कमी अन्न पुरतें. आहार न आंवरल्यास ते लठ्ठ होतात.

विद्यार्थीमित्रहो, शुश्रूषेचें हें काम वडील मंडळींकडून आपण होऊन मागून घ्या. एक लहानशी वही करा. प्राण्यानें किती खाल्लें, लघवी व शौच झाली कीं नाहीं, जखम कशी दिसते, हें सकाळ-संध्याकाळ तींत लिहा, व टांके काढावयास जातांना ती वही वैद्यांस दाखवा. ज्यास बोलतां येत नाहीं, त्याची हकीकत वैद्यांस तुमच्या वहींतूनच कळणार आहे.