शॉर्टसर्किट झालं, मग फ्यूज का नाही उडाला?

उन्हाळ्यात धावत्या मोटारीने पेट घेतल्याच्या बातम्या हमखास येतात आणि त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.’ पण वायर शॉर्ट झाली, तर फ्यूज काय करत होता, हे कुणी विचारत नाही.

प्रत्येक आगीचं खापर फ्यूजवर फोडता येणार नाही. पेट्रोल गळतं, आणि बॅटरीकडून स्टार्टरला जाणाऱ्या जाड केबलला अनेक गाड्यांत फ्यूजच नसतो. पण बाकीच्या वायरिंगला तो असतो, आणि तो वायरिंगसाठीच असतो; दिव्यासाठी किंवा म्युझिक सिस्टीमसाठी नव्हे. वायरचं आवरण वितळण्याआधी फ्यूजची पट्टी वितळावी, एवढंच त्याचं काम. पंधरा अँपिअरचा सारखा उडतो म्हणून तिसाचा ठोकला किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की वायरच फ्यूज होते. मग जळते तीच.

बहुतेक गाड्यांत फ्यूजच्या दोन पेट्या असतात. एक बॉनेटखाली, बॅटरीच्या आसपास : रेडिएटर फॅन, हेडलाइट, हॉर्न यांचे फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) सहसा इथे. दुसरी डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी किंवा ग्लोव्हबॉक्सच्या मागे : पॉवर विंडो, वायपर, मोबाइल चार्जिंगचं सॉकेट. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुधा नकाशा छापलेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्येही फ्यूजच्या जागा बदलतात. तेव्हा यूट्यूबपेक्षा आपल्याच गाडीचं मॅन्युअल बघावं.

रंग मात्र पाठ करण्यासारखे. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. इग्निशन बंद करून संशयित फ्यूज चिमट्याने उपसा आणि उजेडात धरा. पारदर्शक प्लॅस्टिकमधली वळणदार पट्टी तुटलेली दिसली, की तोच गेलेला. तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. तोही लगेच उडाला, तर तिसरा शोधत बसू नका, वायरमन गाठा.

फ्यूज शाबूत आणि हॉर्न मुका? मग रिलेवर बोट ठेवून कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगा. ‘टक्’ जाणवलं तर आतली कॉइल जिवंत आहे, पण संपर्क जळालेले असू शकतात. ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या; ३० वर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ वरून पुढे जातो. पेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, तर अदलाबदल करून पाहणं हा सर्वांत स्वस्त निदानाचा मार्ग.

माझा खरा राग ॲक्सेसरीजच्या दुकानांवर आहे. हेडलाइटचा साठ वॉटचा बल्ब साधारण पाच अँपिअर ओढतो. शंभर वॉटचा आठहून जास्त. तरी तो कंपनीच्या त्याच बारीक वायरिंगवर लावून मिळतो. वेगळा रिले, बॅटरीजवळ वेगळा फ्यूज आणि जाड वायर मागितली, तर ‘काही होत नाही साहेब’ हे उत्तर तयार असतं. होतं, म्हणून तर बातम्या येतात.

नवी गाडी देताना शोरूमवाले हार घालतात, पेढे देतात, फोटो काढतात. त्यातली पाच मिनिटं फ्यूजच्या पेट्या दाखवण्यात घालवायला काय हरकत आहे? आणि जुनी गाडी घेणाऱ्याने टायर, इंजिन पाहून झालं, की ही दोन झाकणंही उघडावीत. नकाशात पंधरा आणि जागेवर तीस दिसला, तर किंमत ठरवण्याआधी वायरिंग तपासून घ्यावं.