दोन विमानतळांमधील अंतर कोणते धरावे?

अँटवर्पच्या हिरेबाजारामुळे मुंबई-ब्रसेल्स हा प्रवास आपल्यातील अनेक व्यापारी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे ६,८७० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र ते मिळणार नाही. पृथ्वीच्या गोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा घट्ट ताणावा. तो जेथून जाईल तोच सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजेच बृहद्वृत्त. प्रत्यक्षात विमान या रेषेवरून क्वचितच जाते. वारे, वादळे, बंद हवाई क्षेत्रे त्याला वळसा घ्यावयास लावतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांचा वेळ वाढला. मोजलेले अंतर होते तेवढेच राहिले.

हा भेद व्यवहारातही उपयोगी पडतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, तेथून निघालेले विमान कंपनीच्या दोषाने फार उशिरा पोहोचले तर भरपाई मिळते, आणि ती बृहद्वृत्ताच्या अंतरावर ठरते. ३,५०० किलोमीटरपर्यंत ४०० युरो (१,५०० च्या आत २५०), त्यापुढे चार तासांहून अधिक उशिराला ६०० युरो. समजा, ब्रसेल्सहून निघण्यास विलंब झाला आणि इस्तंबूलचे पुढचे विमान चुकले. पहिला टप्पा सुमारे २,१५० किलोमीटरचा. तरीही हिशेब ब्रसेल्स ते मुंबई असाच करावयाचा, हे युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. अट एवढीच की दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असावेत.