चार वाद्यांची बैठक

गेल्या महिन्यात हप्त्यांचा हिशेब लवकर आटोपला, म्हणून बचत गटाच्या बैठकीत आम्ही मोबाइलवर एक परदेशी वादन लावले. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. शब्द एकही नाही. थोड्या वेळाने एका मावशींनी विचारले, "कोन मरी गयं वं माय?"

मावशींचा कान पक्का निघाला. हे वादन रशियाच्या दिमित्री शोस्ताकोविच यांनी जुलै १९६० मध्ये तीन दिवसांत लिहिले. वर लिहिले, युद्धातल्या बळींसाठी. मित्राला पत्रातून मात्र कळवले, की आपल्यामागे आपल्यासाठी कोणी लिहिणार नाही, म्हणून आपणच लिहिले.

१९३६ मध्ये त्यांचा ऑपेरा स्टालिनला आवडला नाही. 'प्रावदा' वर्तमानपत्राने त्यांना झोडपले, १९४८ मध्ये सरकारने पुन्हा फटकारले. त्या काळी माणसे रात्रीतून उचलली जात. मग मनातले बोलायचे कुठे? आपल्याकडे सासू जागी असली तरी जात्याच्या घरघरीत बाई ओवीतून बोलून घेई, तसेच हे. सिम्फनीला सत्तर-ऐंशी वादक आणि पुढे कंडक्टर. इथे चौघेच, एकमेकांकडे बघत वाजवतात. एक चुकला तर लपायला जागा नाही. अशी पंधरा क्वार्टेट त्यांनी लिहिली.

या आठव्यात त्यांनी स्वतःचे नावही घातले आहे. जर्मन पद्धतीत सुरांना अक्षरे असतात. डी, एस, सी, एच हे चार सूर म्हणजे त्यांच्या नावाची अक्षरे. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते, इथे ते पहिल्याच सुरांपासून येते आणि परत परत येत राहते.

पुढे तीन जोरदार ठोके आहेत. कोणाला ते बॉम्ब वाटतात, कोणाला दारावर आलेले पोलीस. आमच्यातली एक म्हणाली, "हे पिऊन आले की कडी अशीच वाजते." कोणी काही बोलले नाही. मागचे दोन महिने ती हप्ता मुलीच्या हाती पाठवत होती. आम्ही वहीत 'गैरहजर' लिहून मोकळ्या झालो होतो. त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही तिघी तिच्यासोबत घरापर्यंत गेलो. आता दर आठवड्याला जातो.

अशा मैफली मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये होतात. तिथेच २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. जळगाव-धुळ्याहून तिथे जाणे जमेलच असे नाही. मोबाइलवर 'शोस्ताकोविच, आठवे क्वार्टेट' शोधा. वीस-बावीस मिनिटांचे आहे. सुरुवातीचा आवाज फार बारीक आहे, तेव्हा आधी मिक्सर बंद करा.