मोबाईलच्या पडद्याची चित्रफीत



मागच्या खरिपात आपल्या गावात एक गंमत झाली. गंमत म्हणावी की गोंधळ, ते वाचून तुम्हीच ठरवा.

शेतात कोणते पीक उभे आहे, याची नोंद पूर्वी तलाठी आप्पा करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची सोय महाराष्ट्रात झाली. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. मग नुकसानभरपाईला अडचण येते आणि सरकारी खरेदी केंद्रावर कापूस विकायला नेला तरी तिथे पीकनोंद मागतात. म्हणून मुदत संपत आली की गल्लीगल्लीत एकच धावपळ!

आपल्या शाळेतून शिकून गेलेली एक ताई आता कॉलेजात आहे. तिने वडिलांच्या कापसाची नोंद केली. झाले! सगळी गल्ली तिच्या ओट्यावर. "बेटा, मनं बी करी दे." पण पिकाचा फोटो ज्याच्या-त्याच्या शेतात उभे राहूनच काढावा लागतो. ती बिचारी किती बांध तुडवणार? मग तिने एक युक्ती केली. नोंद करताना मोबाईलच्या पडद्यावर जे-जे दिसते, त्याचीच चित्रफीत तयार केली. वर अहिराणीत बोलत गेली, "देखा, आते आठे दाबानं. मंग फोटू काढानं." ज्यांना वाचता येत नाही अशा आजोबांनीही ती चार वेळा पाहिली आणि शेतात जाऊन नोंद केली.

आता ही चित्रफीत होते कशी, ते पाहू. पुष्कळांना वाटते की मोबाईलचा कॅमेराच हे काम करतो. तसे नाही. कॅमेऱ्याचा इथे काही संबंध नाही. पडद्यावरचे चित्र बारीक-बारीक ठिपक्यांचे असते. एखाद्या मोबाईलवर आडवे १०८० आणि उभे २४०० ठिपके असले तर गुणाकार करा बरे. २५ लाख ९२ हजार! मोबाईल हे चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने काढतो. रेकॉर्डिंग सुरू केले की त्याच चित्राची दुसरी प्रत साठवणीत जाऊ लागते. वहीच्या कोपऱ्यावर पानोपानी माणूस काढून पाने भरभर सोडली की तो पळताना दिसतो ना, तसेच हे.

पण सगळी चित्रे जशीच्या तशी ठेवली तर? एका ठिपक्याला ३ बाईट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर एका मिनिटाला जवळजवळ १४ जीबी जागा लागेल. दहा मिनिटांत मोबाईल भरून जायचा. म्हणून मोबाईल हुशारी करतो. आधीच्या चित्रापेक्षा नव्या चित्रात जेवढे बदलले तेवढेच मुख्यतः लिहून ठेवतो. पडदा स्थिर असला तर फाईल लहान, खेळ चालू असला तर मोठी. रेकॉर्डिंग करताना पडदा उगाच वर-खाली का सरकवू नये, ते यावरून कळेल.

अँड्रॉईडच्या ५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, वेगळे ॲप घेऊन हे करता येऊ लागले. २०२० साली ११ वी आवृत्ती आली, तिच्यात ही सोय अंगचीच आली. त्याच वर्षी कोरोनाने शाळा बंद होत्या. कितीतरी गुरुजी आणि बाईंनी पडद्यावर गणित सोडवून, वर आपला आवाज देऊन धडे पाठवले, ते याच रीतीने.

करायचे असे. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट दोनदा खाली ओढा. छोटी-छोटी चौकटी चित्रे दिसतील, त्यांत 'स्क्रीन रेकॉर्ड' शोधा. नाही दिसले तर पेन्सिलीच्या खुणेवर दाबून ते वर ओढून आणा. दाबल्यावर मोबाईल दोन गोष्टी विचारतो. आवाज हवा का? हो म्हणा. बोटाचा स्पर्श दाखवायचा का? यालाही हो म्हणा. मग जिथे बोट टेकेल तिथे ठिपका दिसतो. म्हाताऱ्या माणसांना या ठिपक्याचा फार आधार होतो, माझ्या मते सगळ्यात उपयोगाची सोय हीच. थांबवायचे असेल तेव्हा पुन्हा वरून बोट ओढा आणि 'थांबवा' दाबा. काही मोबाईलवर नावे थोडी निराळी असतात.

आता गोंधळाकडे येऊ. ताईची पहिली चित्रफीत गल्लीच्या ग्रुपवर गेली खरी, पण मधेच वर बँकेचा संदेश झळकला होता. खात्यात किती पैसे, ते सगळ्यांनी वाचले! तिचे वडील दोन दिवस धड बोलले नाहीत. मोबाईलला आपले-परके कळत नाही. पडद्यावर आले की टिपले. म्हणून आधी 'व्यत्यय आणू नका' ही खूण चालू करावी आणि पाठवण्याआधी स्वतः एकदा संपूर्ण पाहावे. ताईने दुसऱ्यांदा तसेच केले, शिवाय मोबाईल नंबर आणि आलेला संकेतांक दिसतो तो सुरुवातीचा भाग कापून टाकला.

बँकेच्या ॲपची चित्रफीत करून पाहिली तर बहुधा काळा पडदाच येतो. ते बिघडलेले नसते बरं का. ॲप बनवणाऱ्यांनीच तशी आडकाठी घातलेली असते. याला कारणही आहे. काही लबाड माणसे फोन करून सांगतात, "अमुक ॲप घ्या, तुमचे काम करून देतो." त्या ॲपमधून आपला पडदा त्यांना दूर बसून दिसतो आणि संकेतांकही वाचता येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा एका ॲपबद्दल बँकांना सावध केले होते. कापसाचे पैसे खात्यात जमा होतात त्या दिवसांत घरात हे नक्की सांगा. कोणी फसलेच तर ताबडतोब १९३० या नंबरवर कळवायचे असते.

जाता जाता एक आठवले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काम करता-करता गाणी म्हणत. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर यांनी ती कागदावर टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. टिपून ठेवणारे घरचेच होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातवीच्या वर्गात आपण हे करून पाहणार आहोत. घरच्यांना विचारून मोबाईल आणा, अन् चार्ज करून आणा. आजीला किंवा आजोबांना मोबाईलमधले काय जमत नाही, ते आधी विचारून या. त्याचीच चित्रफीत करू, त्यांच्याच बोलीत.