टेबलामागे उभं कोण?

१८७५ सालचा पावसाळा. जबलपूरच्या छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी मेसमध्ये अडकून पडले होते. बाहेर चिखल, आत बिलियर्ड्सचं एक टेबल. त्या काळी ‘ब्लॅक पूल’ नावाचा, पंधरा लाल आणि एका काळ्या चेंडूचा खेळ पैसे लावून खेळला जाई. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्याने त्यात आणखी काही रंगीत चेंडू घातले आणि त्यातून स्नूकर जन्माला आला. (हिटलरशी बोलणी करायला गेलेले पंतप्रधान चेंबरलेन ते वेगळे.)

जबलपूर आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. कारभार नागपुरातून चाले. भंडाऱ्यातल्या तुमसरला रेल्वे यायची होती, मँगनीजच्या खाणी खोदायच्या होत्या. आज जगभरच्या टीव्हीवर दिसणारा हा खेळ म्हणजे आपल्याच जुन्या प्रांताचं लेकरू. तरीही तुमसर, मोहाडी, तिरोडा या पट्ट्यात त्याच्याच भावंडाबद्दल, ‘पोरगा पूल खेळायला जातो’ असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पोरगा बुद्धिबळ खेळतो म्हटल्यावर होतो तसा होत नाही. हा फरक कुठून आला, ते शोधायचं तर आधी जबलपूरच्या त्या मेसमध्येच थांबावं लागेल.

मेसमध्ये पैसे लागत होते, दारू होती, रात्री जागवल्या जात होत्या. पूल पार्लरवर आज जे आरोप होतात त्यातलं तिथे काय कमी होतं? पण खेळणाऱ्याच्या अंगावर गणवेश होता, आणि गणवेशामागे साम्राज्य. म्हणून त्या जुगाराला कुणी जुगार म्हटलं नाही, ती करमणूक ठरली. खेळाची शिस्तही तिथेच मुरली. दुसरा नेम धरत असताना हलायचं नाही, त्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही, आपली पाळी संपली की खुर्चीत जाऊन गप्प बसायचं. चेंबरलेनची बदली पुढे उटीला झाली. तिथल्या क्लबात १८८२ च्या सुमारास नियम कागदावर आले. १८८५ मध्ये इंग्लंडचा बिलियर्ड्सचा बादशहा जॉन रॉबर्ट्स कलकत्त्याला आला असताना कूचबिहारच्या महाराजांच्या जेवणात त्याची चेंबरलेनशी गाठ पडली, आणि नियम त्याच्याबरोबर विलायतेला गेले. मेस, उटीचा क्लब, महाराजांचं जेवण. स्नूकरच्या अंगावरची इस्त्री ही अशी बसलेली आहे. व्यावसायिक खेळाडू आजही वेस्टकोट आणि बो टाय घालून चेंडूवर वाकतो तो त्याच वारशामुळे.

पूलचं नशीब वेगळं निघालं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचे अड्डे होते. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तिथे टेबलं मांडली गेली. अड्ड्यांचं ‘पूल’ हे नाव टेबलाला चिकटलं आणि बदनामीही चिकटली. १९५७ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेतला भामटा एका छोट्या गावात येतो. गावात नुकतंच पूलचं टेबल आलेलं असतं. पोरं बिघडतील अशी भीती तो आईबापांना घालतो आणि त्या भीतीवर स्वतःचा माल खपवतो. आयोवातल्या गावाची ती गोष्ट तुमसरच्या कुठल्याही चौकात जशीच्या तशी उभी करता येईल, एवढी ती तालुक्याच्या गावाला ओळखते. बिलियर्ड्स चांगलं येणं ही वाया गेलेल्या तारुण्याची खूण, असं एक वचन तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरच्या नावावर फिरतं. ते आपलं नव्हे, असं बिचारा सांगून गेला. ऐकतो कोण!

नावलौकिकाची ही लढाई अमेरिकेत दोन माणसांच्या रूपाने लढली गेली. विली मोस्कोनी सूट घालून खेळणारा. ब्रन्सविक या टेबलं बनवणाऱ्या कंपनीसाठी तो गावोगाव प्रदर्शनी सामने करी. १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्याने एका दमात ५२६ चेंडू घातले, न चुकता. पूल हा सभ्य माणसांचा खेळ आहे हे पटवण्यात त्याचा जन्म गेला. दुसरा रुडॉल्फ वॉन्डरोन: लठ्ठ, गप्पिष्ट, पैसे लावून खेळणारा. १९६१ मध्ये ‘द हस्लर’ हा सिनेमा आला. त्यातलं ‘मिनेसोटा फॅट्स’ हे पात्र आपल्यावरूनच घेतलं, असं वॉन्डरोनने जाहीर केलं आणि ते नावच लावून घेतलं. मूळ कादंबरीच्या लेखकाने, वॉल्टर टेव्हिसने, ते साफ नाकारलं. गंमत म्हणजे त्याच सिनेमाचा तांत्रिक सल्लागार होता मोस्कोनी. १९७८ मध्ये टीव्हीसाठी दोघांचा सामना झाला. मोस्कोनीने त्याला सहज हरवलं, पण लोकांच्या लक्षात राहिला फॅट्स. सामना चालू असतानाही तो बडबडत होता आणि मोस्कोनी आतल्या आत जळत होता. प्रतिस्पर्ध्याचं चित्त विचलित करण्याच्या या प्रकाराला पूलवाले ‘शार्किंग’ म्हणतात. खोकणं, चॉक आपटणं, नेमक्या क्षणी बाटलीचं झाकण उघडणं, ‘क्या शॉट है भाऊ’ अशी खोटी तारीफ करणं, हे सगळं त्यात आलं. यातलं शेवटचं आपल्याकडेही पुरेपूर चालतं.

मग सभ्य तो जिंकतो आणि हस्लर, म्हणजे आपला कस लपवून पैशासाठी खेळणारा, बदनाम होतो, असं सरळ सूत्र मांडावं, तर फिलिपीन्सचा एफ्रेन रेयेस आडवा येतो. हा गरिबाचा पोर मनिलात काकाच्या ‘लकी १३’ नावाच्या पूल हॉलमध्ये काम करी. उंची पुरत नसे म्हणून बाटल्यांच्या खोक्यांवर उभा राहून खेळे आणि रात्री टेबलावरच झोपे. १९८५ मध्ये तो अमेरिकेत आला तो सेझर मोरालेस या दुसऱ्याच नावाने. खरं नाव कळलं असतं तर पैसे लावून कुणी खेळलंच नसतं. शुद्ध हस्लिंग! तरीही रेयेस त्याच्या देशात दैवत आहे. १९९६ मध्ये हाँगकाँगला अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडशी तो १२० रॅकच्या शर्यतीत उतरला आणि १२०–११७ असा जिंकला. स्ट्रिकलंड गुणी खेळाडू, पण संतापी. पंचांशी भांडणं, प्रेक्षकांना गप्प करणं यासाठी तो प्रसिद्ध. रेयेस मात्र चेंडू चुकला तरी डोकं खाजवत हसणारा. त्याच्यामागे एक अख्खा देश उभा राहिला म्हणून जुनं खोटं नाव आज किस्सा म्हणून सांगितलं जातं. मागे कुणीच नसलेल्या पोराने तेच केलं असतं, तर त्याला फसवणूक म्हटलं गेलं असतं. खेळाडूची प्रतिमा त्याच्या वागण्याने थोडी आणि त्याच्यामागे कोण उभं आहे यावरून बरीच ठरते. हा माझा सिद्धांत आहे आणि तो महाराष्ट्राला लावून पाहण्यासारखा आहे.

विल्सन जोन्स १९२२ मध्ये पुण्यात जन्मले. १९५८ मध्ये कलकत्त्यात ते हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताचा कुठल्याही वैयक्तिक खेळातला हा पहिला जगज्जेता. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पद पुन्हा मिळवलं. बारा वेळा राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेते, अर्जुन, पद्मश्री, पुढे द्रोणाचार्य. तरी मुंबईपुण्याबाहेर त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? त्यांची सगळी कीर्ती जिमखान्यांच्या भिंतींच्या आत राहिली. ते जितके सभ्य होते तितकेच अदृश्य राहिले.

मायकेल फरेरा हे दुसऱ्या पिंडाचे. मुंबईचे, कायदा शिकलेले, तोंडाने फटकळ. १९७७, १९८१ आणि १९८३ ची जागतिक हौशी विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. १९८१ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री देऊ केली. सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळालेलं असताना जगज्जेत्याला पद्मश्री का, असं विचारत त्यांनी ती नाकारली. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. खुर्चीत गप्प बसण्याची शिस्त टेबलाजवळची आहे, मंत्रालयाच्या दारात ती लागू होत नाही, हे फरेरांनी दाखवून दिलं. त्या वेळी अनेकांनी त्याला उद्धटपणा म्हटलं. माझ्या मते या खेळासाठी इतकं मोठ्याने बोलणारा दुसरा कुणी आपल्याकडे झाला नाही.

भारतातल्या क्यू खेळाडूचं, म्हणजे काठीने चेंडू मारणाऱ्याचं, पोट अमेरिकेतल्यासारखं डावावर लावलेल्या पैशांवर चालत नाही. तेल कंपन्या आणि रेल्वे यांच्या क्रीडा कोट्यातल्या नोकऱ्यांनी त्याला सांभाळलं. पुण्यात जन्मलेले आणि बंगळुरूत वाढलेले पंकज अडवाणी ओएनजीसीत आहेत. खेळाडू म्हणजे सरकारी ओळखपत्र असलेला माणूस, हे चित्र पक्कं झालं की शेजारीपाजारी तोंड मिटतात. कॅरमला हेच छत्र मिळालं आणि बँका, विमा कंपन्या यांतल्या नोकऱ्यांनी गल्लीतल्या बोर्डाला इज्जत आली. पूलला ते छत्र जवळजवळ मिळालंच नाही.

कायदाही थोडा असाच बघतो. महाराष्ट्रात पार्लर काढायचं तर सार्वजनिक करमणुकीच्या जागेचा परवाना लागतो; १९५१ च्या पोलीस कायद्यात तशी तरतूद आहे. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट दिलेली आहे, म्हणजे कायद्याने पूल निर्दोष. पण क्लबातलं टेबल सभासदांचं आणि पार्लरचं टेबल पोलीस ठाण्याच्या वहीतलं, एवढ्यानेच दोन ठिकाणी खेळणाऱ्यांकडे बघण्याची नजर बदलते.

आता तुमसरकडे. धानाची बाजारपेठ, राइस मिली, मिलीभोवती ट्रकांची रांग आणि बावनथडी नदीपलीकडे मध्य प्रदेश. अशा तालुक्याच्या गावात पूल येतो, स्नूकर येत नाही, याचं कारण संस्कृतीत नसून जागेत आहे. स्नूकरचं टेबल बारा फूट बाय सहा फूट. भोवती क्यू मागे नेण्याइतकी मोकळी जागा धरली तर अख्खा हॉल लागतो, आणि खालच्या पाटीच्या दगडामुळे वजन टनाच्या वर जातं. पूलचं सात-आठ फुटी टेबल बाजारातल्या लांबट गाळ्यात बसतं. शिवाय आपल्याकडचा धानपट्ट्यातला दमट पावसाळा! कापड ओल धरतं आणि चेंडू जड पळतो. मोठ्या स्पर्धांत दगडाखालून टेबल तापवतात. इथे वरून पंखा फिरवतात, इतकंच.

पार्लरचा एक अलिखित नियम देशभर आहे: हरणाऱ्याने टेबलाचं भाडं भरायचं. पालकांना यातच जुगार दिसतो. पण याच भंडारा जिल्ह्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी दिली आणि २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात पटाच्या जोडीच्या मालकाचा मान तसूभर कमी झाला नाही. दानीच्या, म्हणजे धावपट्टीच्या, कडेला काय काय लागतं ते साऱ्या गावाला ठाऊक असतं. पण पटामागे गाव आहे, शेती आहे, पाहुण्यांना जेवू घालायची रीत आहे, पटाच्या रात्री होणारं नाटक आहे. पूलच्या टेबलामागे गल्ल्यावर बसलेला मालक आणि भिंतीवरची दरांची पाटी. दोन्हीकडे पैसा सारखाच असतो, पाठीशी उभे राहणारे सारखे नसतात.

म्हणूनच मला वाटतं, पार्लरमधल्या पोराला शिस्तीची गरज क्लबातल्या पोरापेक्षा जास्त आहे. क्लबातला उद्धट वागला तरी त्याच्यामागे बापाचं सभासदत्व असतं. पार्लरमध्ये पंच नसतो. आपल्या बाहीचा चेंडूला स्पर्श झाला हे फक्त आपल्यालाच कळलेलं असतं, आणि ‘फाऊल’ हा शब्द स्वतःच्या तोंडून यायला हवा. स्नूकरच्या व्यावसायिकांमध्ये ही रीत इतकी रुजलेली आहे की पंचाने न पाहिलेला फाऊल खेळाडू स्वतः सांगतो, आणि नशिबाने चेंडू आत गेला तर हात वर करून माफी मागतो. क्यू आपटायचा नाही, टेबलावर बसायचं नाही, चॉकची निळी बाजू कापडावर ठेवायची नाही, समोरच्याचा डाव चालू असताना मोबाइलवर बोलायचं नाही. यातलं काही शिकायला पैसे लागत नाहीत. पार्लरमध्ये या पोरांच्या बहिणी का येत नाहीत, या प्रश्नाचं निम्मं उत्तरही इथेच आहे. उरलेलं निम्मं टेबलाभोवती उभ्या असलेल्या बघ्यांच्या नजरेत आहे.

शिस्तीचा बुरखाही असतो, हे मात्र विसरू नये. स्नूकरपटू अ‍ॅलेक्स हिगिन्सने १९८६ मध्ये स्पर्धेच्या संचालकाला डोक्याने धडक मारली. त्याला दंड झाला, बंदी आली. पण तो जे होता ते उघड होता. उलट २०२३ मध्ये सामनेनिश्चितीवरून चीनच्या दहा खेळाडूंवर बंदी आली. त्यांतले बहुतेक टेबलावर अगदी नीट वागणारे, वेस्टकोट घातलेले, हस्तांदोलन करणारे. आजन्म बंदी झालेल्या दोघांपैकी एक लियांग वेनबो. २०१३ मध्ये कोलंबियात कालीच्या जागतिक क्रीडा स्पर्धेत मुंबईच्या आदित्य मेहताने सुवर्ण जिंकलं ते अंतिम फेरीत याच लियांगला हरवून. त्याच वर्षी मेहता दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला. मानांकन स्पर्धेत तिथवर गेलेला तो पहिला भारतीय, हरला चीनच्या डिंग जुनहुईकडून. बातम्या आल्या, आठवडाभर टिकल्या. त्याची छायाचित्रं कुठल्या पार्लरच्या भिंतीवर लागलेली मी तरी पाहिली नाहीत. तिथे अजून अमेरिकन सिनेमांची पोस्टरं असतात, तोंडात सिगारेट धरलेल्या हस्लरची.

तुमसरच्या एखाद्या पोराचा हात बसला, तर त्याला पुढे जायला मुंबई-पुण्याचे जिमखाने आहेत. मोठ्या स्पर्धा बहुधा तिथेच होतात. जिमखान्यात चपला घालून प्रवेश नसतो, बिनकॉलरचा टी-शर्ट चालत नाही. राष्ट्रीय स्नूकरला काळी पँट, वेस्टकोट आणि काळे बूट हवेत. क्यू तिथे कुणीही उसना देतो, बूट मापाचे लागतात. म्हणून अशा पोराच्या घरचा पहिला खर्च क्यूचा नसतो, बुटांचा असतो.