दवाखान्यावरून कुणी भांडत नाही

उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून, करमाळा तालुक्यातल्या एका गावात माझी आत्या राहते. तिच्या लोखंडी पेटीत कपड्यांच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी आहे. सातबारा, कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या आणि धरणग्रस्ताचा दाखला यांच्यासोबत त्या पिशवीत तीन कार्डं आहेत. एक राजीव गांधी जीवनदायी योजनेचं, दुसरं केशरी रेशनकार्ड आणि तिसरं, अलीकडे नातवानं काढून आणलेलं, आयुष्मान कार्ड. दवाखान्याचं काही निघालं की आत्या तिन्ही समोर मांडते आणि विचारते, “यातलं कंचं चालतंय रं आता?”

तिच्या या प्रश्नामागे जवळजवळ अठ्ठावीस वर्षांचं राजकारण आहे. १९९७ साली शिवसेना-भाजप युतीच्या सरकारनं जीवनदायी योजना आणली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि कर्करोग अशा मोजक्या मोठ्या दुखण्यांसाठी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला मदत, एवढं तिचं स्वरूप होतं. पुढे काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात, २ जुलै २०१२ रोजी, ती राजीव गांधींच्या नावानं विम्याच्या रूपात आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण मिळालं. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. म्हणजे उजनीच्या डाव्या काठावरच्या करमाळा-माढ्याला जे २०१२ साली मिळालं, त्यासाठी समोरच्या काठावरच्या पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरकरांना आणखी सव्वा वर्षाहून जास्त थांबावं लागलं. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर झाली. २०१७ साली भाजप-शिवसेना सरकारनं तिचं नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना केलं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि महाविकास आघाडीच्या काळात, एप्रिल २०२० पासून, दोन्ही एकत्र चालू लागल्या. जुलै २०२३ मध्ये महायुती सरकारनं ठरवलं की रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली.

ही साखळी मला महत्त्वाची वाटते, कारण तिचा प्रत्येक दुवा वेगळ्या सरकारनं जोडला आणि मागचा एकही कुणी तोडला नाही. पाटी बदलली, फोटो बदलला, रक्कम वाढली, पण योजना चालूच राहिली. श्रेय द्यायचं तर सगळ्यांना द्यावं लागेल.

मग अडतं कुठे?

त्यासाठी थोडं लांब जायला हवं. अमेरिकेत बराक ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा २०१० च्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाला. रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्यानं बाजूनं मत दिलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओबामांच्या डेमोक्रॅट पक्षानं त्या सभागृहातल्या ६३ जागा गमावल्या. त्याला मंदीसारखी इतरही कारणं होती, पण हा कायदा प्रचाराच्या मध्यभागी होता. सात वर्षांनी वारं फिरलं. रिपब्लिकन पक्षाकडे सत्ता आली आणि कायदा मोडण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला, तेव्हा २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटर जॉन मॅकेन यांनी आपल्याच पक्षाविरुद्ध अंगठा खाली केला. त्यांच्या मेंदूत कर्करोग असल्याचं निदान नुकतंच झालेलं होतं. प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ असा पडला. त्यानंतरच्या २०१८ च्या निवडणुकीत आधीपासून आजार असलेल्या माणसाला विमा नाकारता येईल की नाही, हा प्रश्न गावोगावी विचारला गेला आणि डेमोक्रॅट पक्ष सुमारे चाळीस जागा जास्त घेऊन परतला.

त्याहूनही जास्त मला थांबवतं ते आयडाहो, नेब्रास्का, युटा, ओक्लाहोमा, मिसुरी, साउथ डकोटा या राज्यांचं उदाहरण. ही सगळी रिपब्लिकन वळणाची राज्यं. तिथल्या पुढाऱ्यांनी गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा, मेडिकेडचा, विस्तार अडवून धरला. तेव्हा त्याच मतदारांनी २०१८ ते २०२२ या काळात थेट मतपत्रिकेवर तो प्रश्न आणला आणि मंजूर करून घेतला. माणसं निवडताना त्यांनी पक्ष सोडला नाही, पण दवाखान्याबाबत पक्षाचं ऐकलंही नाही. या भांडणाची किंमतही मोठी आहे. टेक्सास आणि फ्लोरिडात विस्तार झालाच नाही, तिथले गरीब ताटकळत राहिले. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्यानं मेडिकेडला कात्री लावली. त्यामुळे हा वाद पुढच्या निवडणुकांत पुन्हा उभा राहणार, हे उघड आहे.

आपल्या देशातही आरोग्यावरून पक्षांचं फाटलं, पण ते नावावरून. पंतप्रधानांचा फोटो असलेली पत्रं घरोघर गेली म्हणून पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये आयुष्मान भारतमधून बाहेर पडलं. ओडिशा आणि दिल्ली या योजनेत आले ते २०२५ साली, सरकारं बदलल्यावर. राजस्थानात अशोक गेहलोत यांनी चिरंजीवी योजनेत २५ लाखांचं संरक्षण दिलं आणि २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदाही केला, तरी वर्षअखेरीला सत्ता गेली आणि पाठोपाठ योजनेचं नावही गेलं. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ साली तेच घडलं होतं. ज्या आघाडीनं जीवनदायी राज्यभर नेली, तिला लोकसभेच्या ४८ पैकी सहाच जागा मिळाल्या. योजना सगळ्यात आधी आली त्या सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले.

म्हणून पुढाऱ्यांनी एक धडा घेतलेला दिसतो, की दवाखान्यानं मत मिळत नाही आणि जातही नाही. माझा आक्षेप या धड्यालाच आहे. मत जात नाही, कारण त्या प्रश्नावर मत मागितलंच जात नाही.

उजनीकाठाला भांडता येत नाही असं तर मुळीच नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरकडे नेण्याचा आदेश निघाला. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे तेव्हा सोलापूरचे पालकमंत्री होते. सोलापूर जिल्हा पेटून उठला. पक्ष बाजूला पडले, लोक रस्त्यावर आले आणि महिन्याभरात आदेश मागे घ्यावा लागला. पाण्याचा हिशेब इथे शेंबड्या पोरालाही येतो. धरणात ११७ टीएमसी मावतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, उणे किती झालं म्हणजे कुणाची मोटार उघडी पडते, सगळं तोंडपाठ. पण आपल्या गावापासून हृदयविकाराचा उपचार योजनेतून देणारा सगळ्यात जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर आहे, हे सांगणारा माणूस मला या काठावर क्वचित भेटला.

आणि इथला खरा प्रश्न किलोमीटरचाच आहे. १९८० साली धरण पुरं झालं तेव्हा भीमेच्या दोन्ही तीरांवरची गावं उठली आणि माळावर जाऊन बसली. नदीपात्र ओलांडून जे चालत जाता येत होतं, तिथे मैलोगणती पाणी पसरलं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा सरकारी निकष सपाटीच्या भागात ३०,००० लोकसंख्येला एक आणि उपकेंद्राचा ५,००० ला एक असा आहे. त्या निकषात माणसं मोजली जातात, मधलं पाणी मोजलं जात नाही. करमाळा तालुक्यातल्या कुगाववरून पाहिलं तर समोर इंदापूर तालुक्यातलं कळाशी दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर भलामोठा वळसा पडतो. म्हणून लोक होडीत बसतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशी होडी उलटली आणि सहा जण बुडाले, त्यात लहान मुलंही होती. पुलाची चर्चा त्याच्या आधीपासून चालू होती. त्या पुलाकडे सगळे दळणवळणाचा प्रश्न म्हणून पाहतात. मी त्याला आरोग्याचा प्रश्नही मानतो.

काही वर्षांपूर्वी मामांच्या (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो) छातीत रात्री कळ आली. करमाळ्याला न्यावं तर तिथून पुढे सोलापूर, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. पलीकडच्या तीरावरचे दिवे दिसत होते. उजाडेपर्यंत थांबून त्यांना होडीतून नेलं. पलीकडच्या एका खाजगी रुग्णालयाबाहेर योजनेचा फलक होता. आत गेल्यावर कळलं की ते रुग्णालय योजनेत आहे, पण हाडांच्या उपचारांपुरतं, हृदयाचा विभाग त्यात नाही. योजनेत रुग्णालयं विशेषज्ञतेनुसार घेतली जातात, ही गोष्ट फलकावर नसते. शेवटी कारखान्याकडून उसाची उचल घेऊन बिल भरलं. मामा वाचले. कार्ड त्या दिवशी आत्याच्या कमरेच्या पिशवीत होतं.

रेशनकार्डाच्या रंगांचा खेळही याच काठावर पाहिला. मधली काही वर्षं शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही योजना लागू होती. त्यात उस्मानाबाद होतं, सोलापूर नव्हतं. म्हणजे उस्मानाबादेतल्या शेजारच्या परंडा तालुक्यातल्या पांढऱ्या कार्डवाल्याला उपचार मोफत आणि करमाळ्यातल्या तशाच कार्डवाल्याला नाहीत, जमीन तीच आणि दुष्काळही तोच असताना. करमाळ्याच्या कोणत्या सभेत हा प्रश्न गाजला? पाच टीएमसीसाठी उठलेल्या जिल्ह्यानं हा भेद मुकाट सोसला.

२०२४ ची विधानसभा निवडणूक तर माझ्या म्हणण्याचा पुरावाच आहे. १ जुलै २०२४ पासून दोन योजना लागू झाल्या. एक लाडकी बहीण, महिन्याला १,५०० रुपये. दुसरी सगळ्यांसाठी पाच लाखांचा मोफत उपचार. पहिली गावागावात, घराघरात पोचली आणि प्रचार तिच्यावरच झाला. दुसरीचा फलकही फारसा दिसला नाही. विरोधात महाविकास आघाडीनं तर पंचसूत्रीत २५ लाखांच्या आरोग्यविम्याचं वचन दिलं होतं. एका बाजूला पाच लाख आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस. एवढा मोठा फरक समोर असताना पैसा कुठून येणार, रुग्णालयं कुठे आहेत, डॉक्टर कोण देणार, असं कुणी कुणाला अडवून विचारलं नाही. तेव्हाचे आरोग्यमंत्री तानाजी सावंत हे मूळचे माढा तालुक्यातल्या वाकावचे आणि परंड्याचे आमदार, म्हणजे या काठाचे शेजारीच. राज्यभर सार्वत्रिक उपचार त्यांच्या कारकिर्दीत आले. ते जेमतेम दीड हजार मतांनी निवडून आले आणि नव्या मंत्रिमंडळात त्यांना जागा मिळाली नाही. यातल्या कशाचाही संबंध दवाखान्याशी लावला गेला नाही, ना शाबासकी म्हणून, ना जाब म्हणून.

करमाळ्यात निवडणूक गटांची असते. इथल्या माढा लोकसभेत २०१९ ला भाजप आणि २०२४ ला शरद पवारांची राष्ट्रवादी, पण माणसं विचाराल तर मोहिते-पाटील घराणं कुठे आहे यावर निकाल ठरतो. अशा राजकारणात आजारपणही गटाकडे जातं. पेशंट पुण्याला हलवला की फोन आमदाराला, पत्र मुख्यमंत्री सहायता निधीला. पुढारी खरोखर धावून जातात आणि रात्री दोनला फोन उचलतात. त्यांच्या त्या धावपळीचं मोल मी कमी करत नाही. पण योजनेनं जे हक्कानं मिळायला हवं, ते उपकारानं मिळालं की माणूस आयुष्यभर त्या गटाचा होतो. मग योजना नीट चालण्यात कुठल्या गटाचा फायदा आहे?

भाऊबीजेला आत्याकडे गेलो तेव्हा तिनं पुन्हा पिशवी काढली. मी नातवाच्या फोनवर योजनेच्या रुग्णालयांची यादी उघडली आणि हृदयाचे उपचार देणारी जवळची नावं, त्यांची गावं आणि अंतरं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. तिनं तो कागद घडी करून आयुष्मान कार्डाच्या मागे ठेवला. तिथे आधीच एक चिठ्ठी होती, वहीच्या पानाची, कडा झिजलेली. तिच्यावर पेन्सिलनं फक्त एक फोन नंबर होता.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“होडीवाल्याचा,” ती म्हणाली आणि पिशवीला गाठ मारली.