कोल्डप्ले : वसई ते नेरूळ

कोल्डप्लेचा पहिला अल्बम 'पॅराशूट्स' जुलै २००० मध्ये आला. त्यातल्या 'यलो' या गाण्याचा व्हिडिओ केबलवर लागायचा. राखाडी समुद्र, रिमझिम पाऊस आणि रेनकोट घातलेला एक भिजलेला पोरगा कॅमेऱ्याकडे बघत संथ चालतोय, बस्स. नाच नाही, गाड्या नाहीत, दुसरं माणूससुद्धा नाही. तो किनारा इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा होता. आमच्या वसईच्या सुरूच्या बागेकडच्या किनाऱ्यावर जुलैत कोणी असं चालत निघालं असतं, तर कोळणींनी हटकून विचारलं असतं, काय रे बाबा, घरी भांडण झालं का?

तो पोरगा म्हणजे ख्रिस मार्टिन. बाकीचे तिघे जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन. चौघेही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकताना एकत्र आले आणि पंचवीस वर्षं उलटली तरी तेच चौघे आहेत. रॉक बँडच्या दुनियेत हे नवलच. एवढ्या काळात निम्म्या बँडचे गायक बदलतात, उरलेल्यांचे वकील.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. गाण्यातली निम्मी वाक्यं कानाला कळायची नाहीत. पण वसईत इंग्रजी गाणं अगदीच परकं नव्हतं. कुपारी ख्रिस्ती मित्रांच्या घरी गिटार असायची, त्यांच्या बहिणी चर्चच्या क्वायरमध्ये गायच्या, आणि एकाच्या भावाकडे सीडी रायटर होता. २००२ चा 'अ रश ऑफ ब्लड टु द हेड' माझ्याकडे आला तो त्याच रायटरमधून, वर मार्करने 'COLD PLAY' ऐवजी देवनागरीत 'थंड खेळ' लिहून. त्यातलं 'क्लॉक्स' ऐकताना शब्दांची गरजच पडली नाही. पियानोचे आठ सूर तीन-तीन-दोन असे फुटतात आणि ड्रम सरळ चालत राहतो. दोन्ही एकमेकांना ओढतात, पण सुटत नाहीत. या गाण्याला २००४ मध्ये ग्रॅमीचा 'रेकॉर्ड ऑफ द इयर' मिळाला. क्वायरमधल्या मुलींनी मात्र ते त्याआधीच टेबलावर बोटांनी वाजवून पाठ केलं होतं.

खऱ्या रॉकवाल्यांना कोल्डप्ले कधीच आवडला नाही. कॉलेजातले काळे टीशर्टवाले त्याला रडूबाई म्हणायचे. ते २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स बघून आले होते, २००७ मध्ये बंगळुरूला आयर्न मेडनसाठी जनरल डब्यातून गेले होते. त्यांच्यापुढे आमचं काय चालणार? २००८ मध्ये 'व्हिवा ला व्हिदा' गाजलं आणि गिटारवादक जो सॅट्रियानीने चाल चोरल्याचा दावा कोर्टात लावला, तेव्हा तर त्यांना दिवाळीच. पुढच्याच वर्षी तो खटला मिटला, पण चिडवणं मिटलं नाही.

मला मात्र त्याच गाण्यात या बँडची मेख सापडली. 'व्हिवा ला व्हिदा'तली लोकांनी उचललेली जागा बिनशब्दांची आहे. नुसता ओकार, चढत जाणारा. लिस्बनचा माणूस, टोकियोचा माणूस आणि नालासोपाऱ्याचा माणूस तो सारखाच गाऊ शकतो. कोल्डप्लेच्या बऱ्याच मोठ्या गाण्यांत अशी एक मोकळी जागा ठेवलेली असते. समीक्षक त्याला उथळ म्हणतात. मी म्हणतो, पन्नास हजार लोकांना एका सुरात आणणं उथळ असेल तर करून दाखवा. त्यांच्या शब्दांत फार खोली नाही हे मीही मान्य करतो. पुष्कळदा तारे, दिवे आणि हृदय यांच्यापलीकडे गाडी जात नाही. पण मी तिथे शब्दांसाठी गेलोच नव्हतो.

मग बँडच आमच्या दारात आला. 'हिम फॉर द वीकएंड' या गाण्याचा व्हिडिओ जानेवारी २०१६ मध्ये झळकला आणि त्यात वरळीचा कोळीवाडा, काळी-पिवळी टॅक्सी आणि आमचा वसईचा किल्ला! चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला, हिंदी सिनेमावाल्यांनी कधीचा भाड्याने घेतलेला. पण कोल्डप्लेच्या व्हिडिओत? गावात एकेक जण मोबाइल पुढे करून दगड ओळखत होता. बाहेर मात्र या व्हिडिओवर टीकेची झोड उठली. साधू, मोर, रंग उधळणारी पोरं, म्हणजे गोऱ्या पाहुण्यांचा ठरलेला भारत. टीका खोटी नव्हती. इथल्या माणसाचं मुंबईतलं रोजचं जगणं त्यात शोधून सापडत नाही. तरीही किल्ल्याची ती पडकी कमान दिसली की मी अजून व्हिडिओ थांबवतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, त्याला इलाज नाही.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हल झाला, त्यात कोल्डप्लेही होता. नोटाबंदी होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. बाहेर एटीएमपुढे रांगा आणि आत हजारो तरुण पोरं. बऱ्याच जणांना तिकिटं पैसे देऊन नव्हे, तर स्वच्छता, शिक्षण आणि समानता यांसाठी सह्या करून, मोहिमेत भाग घेऊन मिळाली होती. कल्पना चांगली. पण त्या संध्याकाळी मंचावर इतके नट, मंत्री आणि मान्यवर येऊन गेले की गणेशोत्सवातल्या सत्कार समारंभाची आठवण झाली. पंतप्रधान व्हिडिओवरून बोलले, जे-झी गाऊन गेला. कोल्डप्लेची पाळी आली तोवर पाय गेले होते. ए. आर. रहमान आणि ख्रिस मार्टिन एकत्र गायले तो क्षण मोठा होता, हे मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. मागच्या कुंपणापाशी आम्हाला दिसला तो फक्त स्क्रीन, आणि त्याच्याही आधी समोरच्यांचे उंचावलेले मोबाइल. बँड पाहिला असं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

नंतरचा काळ नुसता वाट बघण्याचा. २०१९ मध्ये बँडने जाहीर केलं की पर्यावरणाला कमी त्रास होईल असा दौरा जमेपर्यंत दौराच करणार नाही. त्याच डिसेंबरात यू-टू नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाऊन गेला, आणि मुंबईकडे अशा कार्यक्रमाला साजेशी जागा आहे हे एकदाचं सिद्ध झालं. मग कोरोना. कोल्डप्लेचा नवा दौरा मार्च २०२२ मध्ये कोस्टा रिकातून सुरू झाला आणि जगभर फिरत राहिला. आमची वर्णी लागायला २०२५ उजाडलं.

तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी बाराला उघडली. किंमत अडीच हजारांपासून लाउंजच्या पस्तीस हजारांपर्यंत. आमच्या घरात त्या दिवशी वरण-भात झाकून ठेवला होता आणि प्रत्येक जण आपापल्या फोनवर. संकेतस्थळ आधी कोसळलं, मग उठलं आणि मला रांगेतला जो नंबर मिळाला तो वसई-विरार महापालिकेच्या मतदारयादीत शोभला असता. आधी १८ आणि १९ जानेवारी असे दोनच कार्यक्रम होते. मागणी बघून त्याच दुपारी २१ तारखेचा तिसरा जाहीर झाला. माझी भाची म्हणाली, "मामा, तू फोन खाली ठेव, तुझ्याच्याने होणार नाही." आणि तिने मंगळवारची वरच्या स्टँडची तिकिटं काढलीसुद्धा.

संध्याकाळपर्यंत तीच तिकिटं परदेशी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांत दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली. उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, आणि असे नियम करणं हे विधिमंडळाचं काम आहे म्हणून जानेवारीत ती फेटाळली गेली. सिनेमाच्या तिकिटाचा काळाबाजार करणारा पोऱ्या पूर्वी थिएटरबाहेर हवालदाराला बघून पळायचा. हा नवा काळाबाजार करणारा कुठल्या देशात बसला आहे हेही कळत नाही, तेव्हा त्याच्यामागे पळणार कोण?

२१ जानेवारीला नेरूळ स्टेशनवर उतरलो तर फलाटावरच निम्मी मैफल. गालांवर चमचम, डोक्यावर फुलांच्या टोप्या, आणि त्या गर्दीतून डबा घेऊन घरी निघालेले नेहमीचे नोकरदार. दारात प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरा पट्टा चढवला जातो. तो वनस्पतिजन्य प्लास्टिकचा असतो आणि निघताना परत द्यायचा असतो. सोबत कागदी चष्मा, ज्यातून प्रत्येक दिव्याभोवती बदाम दिसतो. माझ्या शेजारी सानपाड्याचे एक निवृत्त गृहस्थ होते, मुलाने तिकीट दिलं म्हणून आलेले. चष्मा त्यांनी स्वतःच्या चष्म्यावर चढवला, मैदानातल्या दिव्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मला फुकटात असंच दिसायचं."

पहिल्या गाण्याला पट्टे पेटले. आपला पट्टा आपल्या हातात नसतो. दुरून येणाऱ्या संदेशावर तो रंग बदलतो. लाल लाट आपल्या स्टँडमधून समोरच्यात जाते, परत येते, आणि आपण तिचा एक ठिपका असतो. 'यलो' सुरू झालं तेव्हा अख्खं स्टेडियम हळदीच्या रंगाचं झालं. भाची रडत होती. मी तिला चिडवलं नाही. केबलवरचा तो भिजलेला पोरगा आता सत्तेचाळीस वर्षांचा होता, आणि वरच्या पट्टीत जाताना आवाज जिथे फाटायचा, तिथे अजूनही तसाच फाटत होता. बरं वाटलं. 'व्हिवा ला व्हिदा'ला विल चॅम्पियनने घंटेवर टोला दिला आणि ओकार उठला. सानपाड्याच्या गृहस्थांना गाण्याचं नावही ठाऊक नव्हतं, पण तिसऱ्या आवर्तनाला ते बरोबर जागेवर उचलत होते.

'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' अर्ध्यावर थांबवून मार्टिन या दौऱ्यात सगळीकडे एक विनंती करायचा. हे एक गाणं फोन खिशात ठेवून ऐका. ठरलेलं नाटक आहे हे ठाऊक असूनही काम करतं. २०१६ मध्ये मला जे कुंपणापाशी मिळालं नाही ते त्या चार-पाच मिनिटांत मिळालं. समोर फोन नाहीत, फक्त डोकी आणि हात, आणि त्यांच्या पलीकडे मंचावर उड्या मारणारी ठेंगणी आकृती. मुंबईच्या या मुक्कामात मार्टिनने मराठीत बोलून टाळ्या घेतल्या. तुम्ही सगळे आज छान दिसताय, अशा अर्थाचं काहीतरी. त्याचं समाजमाध्यमांवर फार कौतुक झालं. पाहुणा पाठ करून आला होता, चांगलंच आहे, पण घरच्या मालिकांत आपण जी मराठी सहन करतो त्याकडेही थोडं बघायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी या गर्दीला वारी म्हटलं. मला ते पटत नाही. वारीत पस्तीस हजारांचं लाउंज नसतं. हा विकत घेतलेला आनंद आहे, आणि चोख मोजून दिलेला. त्यात कमीपणा काही नाही. पण पर्यावरणाचा हिशेब मात्र नीट करावा. आधीच्या दौऱ्याच्या तुलनेत कार्बन उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटल्याचं बँडने २०२४ मध्ये सांगितलं. या दौऱ्यात प्रेक्षकांना सायकली मारून, विशेष फरशीवर नाचून वीज तयार करता येत होती. कौतुकास्पद आहे. पण दिल्ली-बंगळुरूहून विमानाने आलेल्या हजारोंचा धूर त्या आकड्यात धरलेला नाही. पुढच्या शनिवार-रविवारी अहमदाबादच्या मैदानावर एकेका रात्री लाखाहून अधिक लोक जमले, आणि तिथे जायला मुंबईहून विमानांची तिकिटं महागली आणि खास रेल्वेगाड्या भरून गेल्या. २६ जानेवारीचा कार्यक्रम घरबसल्या थेट दाखवला गेला. तो मी सोफ्यावर बसून पाहिला. कॅमेरे उत्तम होते, आवाज स्वच्छ होता, आणि अर्ध्या तासात मी उठून चहा टाकला.

दौऱ्याचा २०२५ चा टप्पा सप्टेंबरमध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर संपला. बारा अल्बम झाले की थांबू, असं मार्टिनने सांगून ठेवलं आहे. २०२४ चा 'मून म्युझिक' हा दहावा. तेव्हा ज्यांचं राहिलं आहे त्यांनी पुढच्या खेपेला आळस करू नये. तिकीट काढायचं काम घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे द्या. वरचा स्टँड घ्या, रंगांची लाट तिथूनच पूर्ण दिसते. जेवून जा, पट्टा परत करा. आणि वसईकरांनो, गाडी नेऊ नका. ध्वनीच्या नियमामुळे कार्यक्रम दहाला संपतो, आणि नेरूळहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर असं केलं तर विरार लोकल आरामात मिळते.